ताटकळलेल्यांचा आकडा

दातांच्या दवाखान्यात दाढ धरून बसलेल्या निवृत्त कंडक्टरने कान टवकारले. शेजारच्या बाकावर गाल सुजलेले साहेब होते आणि मांडीवर लॅपटॉप घेतलेली त्यांची इंजिनियर.

"सिस्टिमच्या गाभ्यातून, कर्नलमधून, लोडचा आकडा तूच वाचतेस ना? मग तिथेच कमी कर."

"नाही करणार, सर."

"अगं, प्रोसेसर रिकामा बसलाय. तरी लोड चाळीस कामांचा?"

"कामं डिस्कपाशी खोळंबलीत. कर्नल तीही लोडमध्ये धरतो."

"नुसती ताटकळलेली वगळून टाक. क्लायंटला आकडा बरा दिसेल."

"आणि त्याची कामं तशीच अडून राहतील."

"नोकरी नकोशी झालीय का?"

"हवी आहे. पण खोटा आकडा माझ्या हातून जाणार नाही."

"दुसरं कुणीतरी करेल."

"करू दे."

साहेब गाल धरून काउंटरकडे वळले.

"ओ ताई, डॉक्टर आत रिकामे बसलेत. मला का घेत नाही?"

"तुमचा एक्स-रे यायचाय. तो आला की लगेच घेतील."

"अहो, इथे जीव चाललाय माझा."

इंजिनियरने लॅपटॉप मिटला.

"सर, तुम्हाला धरू की वगळू?"