रिटर्न कहाँ का?

नव्या सौदी मुलाला मशीन समजावून समजावून ज्ञानेशचा घसा बसला होता. सुटीचं तिकीट काढायला तो सौदीतल्या बुरैदा शहरातल्या ट्रॅव्हल ऑफिसात आला, तर शेजारी चक्क मराठी ऐकू आली. त्यानं कान टवकारले. रत्नागिरीकडचे नवरा-बायको होते, इसहाक आणि बदरुन्निसा.

"चार दिवसांची टूर," इसहाक सांगत होता. "इंग्लंडातलं आइल ऑफ वाइट. व्हिक्टोरिया राणी उन्हाळ्यात राहायची ते बेट. सगळं दाखवायला गाईड बरोबर."

"बेटावर जायचं कसं?"

"फेरीबोटीनं. बस पण बोटीतच चढते."

"मग आपली दाभोळची फेरीबोट काय वाईट?"

"दाभोळात राणीचा वाडा आहे काय?"

"इतकी वर्षं पुढच्या सुटीला, पुढच्या सुटीला करत होतात. आत्ताच कशी राणी आठवली?"

"तुझीच हौस ना?"

"माझीच. म्हणून तर विचारते."

काउंटरवरच्या माणसानं मान वर केली. "भाईजान, रिटर्न कहाँ का? बुरैदा?"

इसहाक चष्मा पुसत बसला.

"मुंबई का निकालो, भाई," बदरुन्निसा म्हणाली.

"तुला कोण बोललं?"

"तुम्हीच. त्या सौदी पोराला काम शिकवत होतात ना? परवा जेवताना म्हणालात, शिकला एकदाचा. मग आता कंपनीला तुमची गरज काय?"

"मग टूर राहू दे?"

"राहू दे कशाला? बोटीत खिडकी मात्र माझी."

त्यांची तिकिटं झाली. काउंटरवरचा माणूस ज्ञानेशकडे वळला.

"बोलो भाई, रिटर्न भी चाहिए?"