तलावापायी भासऱ्यासमोर बोलली

माहेर माह्यं शहापूरच्या बाजूचं, हायवेच्या काठचं. नाव सगुना. चौथी झाली आन शाळा सुटली, पन वाचनं काई सुटलं नाई, किराण्याच्या पुडीचा कागद बी मी वाचूनच चुलीत टाकत होती. लगन होऊन या गावात आली, लाखनी तालुक्यातलं गाव, सडकेपासून आत, आन दुसऱ्याच दिवशी सासूनं मले तलावाच्या पाळीवर नेलं. मनली, देवाच्या पाया मंग पड, आधी याच्या पड, हा आपल्याले खाऊ घालते. मले हासू आलं होतं तवा. पानी पाहून पाया पडाले लावते मनलं सासू.

घरी भासरे होते, मंजे माह्या मालकाचे मोठे भाऊ. भासऱ्यासमोर सुनेनं बोलाचं नाई, रीतच होती, पदर डोक्यावर, नजर खाली, ते आंगनात आले का आपन मागल्या दारानं. त्यायले मले काई सांगाचं असन तं ते बैलाले सांगत. अरे ढवळ्या, पाहुने येऊन राहिले गा, भात जास्ती टाका लागन. मी आतून आयकाची आन भाताचा गंज चढवाची. काय सांगू तुमाले, चाळीस वर्सं आमी दोघं एका आंगनात राहिलो, एक शब्द समोरासमोर नाई, आन तरी भांडन झालं नाई का घोटाळा झाला नाई. तो ढवळ्या मेला, मंग दुसरा बैल आला, त्याचं बी नाव ढवळ्याच ठेवलं.

भासरे गावचे पानकर होते. तलावाचं पानी सोडाचं जे दार असते त्याले आमी तुडूम मंतो, ते उघडाचं कवा, बंद कराचं कवा, पहिलं पानी कोनाच्या बांदीत, मंजे धानाच्या तुकड्यात, हे पानकर ठरवते. आन रीत अशी का ज्याची बांदी सर्वात लांब त्याले पहिले पानी, ज्याची तलावाले लागून त्याले शेवटी. मंजे लांबचा मानूस बी पाळ फुटली तं धावत येते. उन्हाळ्यात घरटी एक मानूस गाळ काढाले जाये, तोच गाळ बैलबंडीनं शेतात पडे. गाळ निघाला का तलावाले बी बरं आन धानाले बी बरं. गाळ काढनं मंजे पुन्याचं काम, हे आमच्या हाडात बसलेलं. तिथंच आमी फसलो बाप्पा.

रस्ता मोठा कराची कंपनी आली. तिचा साहेब ग्रामसभेत आला, मने, तुमचा गाळ आमी फुकट काढून देतो, मशीननं, तलाव खोल होईन, पानी डबल राहीन. रस्त्यात भराले त्यायले माती पायजे होती, हे त्यानं सांगितलं नाई, आन आमी विचारलं बी नाई. भासरे उठले. मनले, कंबरभर गाळ काढा, पिवळी माती लागली का थांबा, खाली गेलान तं तलावाचं पोट फाटन. लोक हासले, जुना मानूस मने. आन मंग काय झालं मले, मी बायांमंदून उठली. भासरे समोर बसलेले, आन मी उभी राहून बोलली, टोपले आमच्या डोक्यावर असते, मान आमची दुखते, ज्यायनं कधी टोपलं उचललं नाई त्यायनं मशीनले नाई मनू नये. बायायनं टाळ्या वाजवल्या. सरपंचानं परवानगीचा कागद पुढं केला, तो न वाचताच पहिली सही माह्यी. भासऱ्यानं दुपट्टा झटकला आन निंघून गेले.

तवापासून त्यायनं अबोला धरला. तुमी मनान, ते तं पहिलेच बोलत नव्हते, मंग अबोला समजला कसा? बैलाशी बोलनं बंद केलं ना बाप्पा!

मशीनले आमी नारळ फोडला, मी सोता हळद-कुकू लावलं तिले. पाच दिवसांत गाळ निघाला, पाळीखाली त्याचे ढीग लागले. सहाव्या दिवशी पिवळी माती लागली, आन मशीन थांबली नाई. टिप्पर भरून भरून हायवेले जाऊन राहिले, आन आमी पाळीवर उभं राहून खूश, पाहा किती खोल झाला. माह्या पोराले, दिलीपले, टिप्परवर डायवरी भेटली, मी पेढे वाटले. तेच पोरगं घरी येऊन सांगे, आज इतका माल गेला. मी मनलं, कायचा माल रे? मने, माती वो आई. तवा पयल्यांदा मले काईतरी टोचलं.

अर्धा तलाव खांदला आन पावसाळा लागला. पानी भरलं, जत्रेसारखे लोक पाहाले आले. दिवाळीले तलाव कोरडा. वापरलं नाई, सोडलं नाई, खालीच मुरलं. मुरूम लागला होता ना खाली, तो पानी धरते काय? धान दुधात होता, आन लांबच्या बांद्या फाटल्या. तलावात आपोआप उगवते ते देवधान नाई, शिंगाडे नाई, ढिवराच्या जाळ्यात मासोळी नाई. आन मानसं बिघडली पाहा. तलावाजवळच्यायनं डबक्यात उरल्या पान्याले पंपाचे इंजन लावले, पान्याची पाळी गेली खड्ड्यात. पोलीस कधी गावात पाहिले नव्हते, ते आले. शेजारीन संक्रांतीच्या वाणाले आली नाई.

आन उन्हाळ्यात कंपनी परत आली, उरलेला अर्धा खांदाले. सरपंच मने, कागद तं पूर्ण तलावाचा आहे, सगुनाबाईची सही आहे. तालुक्याले गेलो, साहेब मने, अर्ज ठेवा, चौकशी होईन. मशीन तं तीन दिवसांत येऊन राहिली होती. तो अर्धा गेला असता तं गावच गेलं असतं, मले झोप नाई, जेवन नाई.

सकाळी मी आंगनात भासऱ्यासमोर गेली. मागल्या दारानं नाई, समोरून. ते दोर वळत बसले होते. मी मनलं, भासरे, चुकलं माह्यं, आता काय कराचं ते सांगा. ते दोर वळतच राहिले. मी उभीच. मंग बैलाकडे पाहून मनले, ढवळ्या, या बाईले विचार, बांदीत रोवन्याच्या आधी चिखल कायले करते? पानी मुरू नये मनूनच ना? तलावाले बी तेच लागते. गाळ परत टाका, पानी मारा आन म्हशी तुडवा. गावच्या सगळ्या म्हशी. परवाच्या दिवशी, मशीन याच्या आधी.

मी घरोघर फिरली. वाणाले आली नाई तिच्या बी घरी गेली. ती मने, आता आठवली काय मी? पन म्हशी घेऊन आली.

मशीन आली तवा खड्ड्यात गाळ, पानी, साठ-सत्तर म्हशी आन आमी बाया. सुपरवायझर वरून ओरडे, सरकारी कामात अडथळा, सगळ्यायले आत टाकतो. मी मनलं, आमी चिखल करून राहिलो, तुमी तुमचं पाहा. त्यानं मशीनवाल्याले मनलं, घाल पुढं. मशीन पुढं आली, तिचा दात माह्यापासून दोन हात. मांगं टिप्पर, आन टिप्परवर माह्या दिलीप. तो उतरून आला, मने, आई, बाजूले हो, माह्यी नौकरी खातं काय? पोटचं पोरगं आहे ना. एक पाय मी मांगं घेतला बी, खोटं कायले सांगू.

तं मांगून आवाज आला, सगुना, हटू नको.

भासरे होते. चिखलात, मांडीपर्यंत. माह्यं नाव त्यायच्या तोंडून मी पयल्यांदा आयकलं. मी पाय पुढं ठेवला. मशीनवाला परमुलखाचा, त्यानं मशीन बंद केली, मने, साहब, भैंस के ऊपर कैसे चढ़ाऊँ. दिलीप गाडीवर चढला. टिप्पर फिरवून गेला.

आठ दिवस आमी तुडवत राहिलो. ग्रामसभा पुन्हा बसवली, बायायनं नवीन ठराव लिवला, तालुक्याले धरनं देलं, तवा कंपनी गेली. गेली मंजे काय, दुसऱ्या गावच्या तलावावर गेली. तितल्या बाया आल्या होत्या मले विचाराले, मी म्हशीचं सांगितलं, पिवळ्या मातीचं सांगितलं, सहीचं बी सांगितलं. दिलीप आता चिखला मनून गाव आहे तिथं खानीच्या गाडीवर आहे. फोन त्याच्या बायकोचा येते. त्याचा नाई.

भासऱ्याले आता दिसत नाई बरोबर, तुडूम त्यायनं मले देलं. औंदा दिवाळीनंतर बी पानी होतं, पन पूर्वीसारखं नाई. लांबच्या बांद्या भिजल्या. आमची तलावाले लागून, आमची पाळी शेवटची, तिथवर पुरलं नाई. लोक मनतेत, तूच पानकर, थोडं आपल्याकडे वळव. वळवलं तं मंग आमी कंपनीच झालो ना. भासरे मनते, फाटलं ते भराले एक पिढी लागन. लागू दे. तुमचं बरं होवो बाप्पा, आयकून घेतलं इतकं. उठा आता, मले तुडूम बंद कराले जा लागते.