सहा बोल्ट आणि दोन वायरी

सहा बोल्ट आणि दोन वायरी! एवढंच म्हणाला हो तो! माझा नवरा, आर्मांड, स्वयंपाकघरात उभा राहून, हातातला अर्धा डोनट माझ्यावर रोखून, "लोर्ना, त्यात आहे काय? सहा बोल्ट आणि दोन वायरी! रविवारी चर्चमधून आलो की जेवायच्या आत बसवून टाकतो!" आता कुठला रविवार, ते विचारायचं राहिलं माझं... चूक माझीच! आर्मांडनं वार सांगितला की माणसानं साल विचारून घ्यावं!

थांबा, नीट सांगते, नाहीतर म्हणाल ही बाई एकदम काय बोल्ट बोल्ट करत सुटलीय. तर आमच्याकडे एक ट्रक आहे. ट्रक कसला, दहा चाकांची टेकडी! लष्करानं वापर वापर वापरला, कंटाळा आल्यावर लिलावात काढला, आणि अख्ख्या व्हरमाँट राज्यात त्या दिवशी हात वर केलेला माणूस एकच... बरोबर, आमचा! घरी आणला आणि मग यांच्या लक्षात आलं की तो चालवता येत नाही! क्लच दाबायचा तर उभं राहावं लागतं, स्टिअरिंग फिरवायचं तर दोन माणसांचं बळ पाहिजे. मग चालवायचा कोणी? मी! उभा जन्म शाळेची बस चालवली मी, पोरं मागे एकमेकांच्या टोप्या खिडकीतून फेकतायत आणि मी बर्फातून बस काढतेय. मला ट्रकचं काय!

आणि ट्रक हवा कशाला? तर मेपलच्या रसाला. आमचं मेपलचं गुऱ्हाळ आहे ना! झाडं वर डोंगरावर, भट्टी खाली रस्त्याला. ट्रकवर ही मोठी टाकी, वर जायचं, रस भरायचा, खाली आणायचा, त्याच दिवशी आटवून पाक करायचा, नाहीतर आंबतो. मार्चमध्ये रात्री गोठलं आणि दिवसा ऊन पडलं की झाडं अशी पाझरायला लागतात म्हणून सांगू... आणि नेमकं तेव्हाच आमच्या रस्त्यांची लापशी होते! लापशी! वरून दिसतो रस्ता, पाय ठेवला की गुडघा गायब! आणि त्यात माझी दहा चाकांची टेकडी, वर रसानं भरलेली टाकी... रुतणार नाही तर काय उडणार?

दरवर्षी रुतायचा हो! आणि रुतला की एकच माणूस. हॉलिस पेक. खालच्या वळणावर राहतो. ट्रॅक्टर आणि साखळी घेऊन यायचा, पण कसा? घाई नाही, गडबड नाही, थर्मासमधली कॉफी पीत पीत, आणि माझ्या खिडकीखाली थांबून, टोपी मागे सारून विचारायचा, "काय लोर्नाबाई... रुतलं का लष्कर?"

रुतलं का लष्कर! बघतोयस ना डोळ्यांनी! पण नाही, उत्तर दिल्याशिवाय साखळी लावायचा नाही! "हो हॉलिस, रुतलं." मग कुठे ओढणार. आणि एवढ्यावर संपतं का? पोस्टात भेटला, रुतलं का लष्कर? दाताच्या डॉक्टरकडे, माझ्या तोंडात ते यंत्र, हा दारातून डोकावून, रुतलं का लष्कर? अहो, माझी सख्खी मावशी गेली, शवपेटी खाली सोडतायत, मी रुमाल डोळ्यांना लावलाय, आणि मागून कानाशी हळूच, "जपून सोडा म्हणावं, लोर्ना... ओल आहे."

तिथंच ठरवलं मी. विंच! म्हणजे ट्रकच्या तोंडाला बसवायचा विजेवरचा रहाट हो. त्याला लोखंडी दोर, दोराचं टोक झाडाला बांधायचं, बटण दाबायचं, ट्रक स्वतःच स्वतःला ओढून बाहेर काढतो. हॉलिस नको, साखळी नको, थर्मास नको! आणि मी काय करावं? मार्चच्या गावसभेत, रस्त्यावर खडी टाकायची की नाही यावर लोक भांडतायत, मी उभी राहिले आणि सगळ्या गावासमोर म्हणाले, "खडी टाका नाहीतर टाकू नका! यंदा मी हॉलिस पेकला बोलावणार नाही! मी विंच बसवतेय!" टाळ्या पडल्या हो! मला वाटलं सभा जिंकली आपण. घरी आल्यावर लक्षात आलं. विंच कुठाय? तर आर्मांड म्हणतो... सहा बोल्ट आणि दोन वायरी!

पहिली विंच त्यानं आणली कुठून, तर मित्राच्या जीपवरून काढलेली. एवढीशी! ट्रकपुढे ठेवली तर हत्तीच्या सोंडेवर अंगठी! मी म्हटलं, "आर्मांड, जीप बारा व्होल्टवर चालते. लष्कराचा ट्रक चोवीसवर." तर मला म्हणतो, "मग चांगलंच की! दुप्पट जोरात ओढेल!" आणि वायरी लावल्या, बटण दाबलं... फिरली हो! अशी फिरली, अशी फिरली, गरागरा गरागरा, दोराचं भेंडोळं सुटून अंगणभर, कुत्रं पायरीखाली, कोंबड्या छपरावर, आणि मग त्या विंचेतून निळा धूर... आणि शांतता. आर्मांड धुरातून बाहेर आला, भुवया जागेवर आहेत का चाचपून म्हणाला, "पण फिरली कशी, पाहिलंस ना?"

दुसरी विंच मी आणली. चोवीस व्होल्टची, दांडगी, उचलायला पाडसाएवढी नाही, चांगल्या वासराएवढी! आम्ही दोघांनी उचलली, आणि आर्मांडनं ती सरळ बंपरला लावायला घेतली. मी म्हटलं, "अरे बंपरला नको! बंपर म्हणजे नुसता पत्रा आहे. सगळा भार ओढला की विंच जाईल झाडाकडे, बंपर जाईल विंचेबरोबर, आणि मी तिथेच बसून राहीन चिखलात! बंपरमागच्या चेसीसला, ट्रकच्या सांगाड्याला, जाड पट्टी जोड, तिच्यावर बसव." तर हा खांदे उडवतो! "बस चालवणं वेगळं गं, लोर्ना." वेगळं! मी कोटाचं बटण लावलं आणि म्हटलं, "जाते मग हॉलिसला विचारायला." ...अहो, ड्रिल काढलंन लगेच! चेसीसला पट्टी, पट्टीवर विंच, सहाच्या सहा बोल्ट घट्ट, पाना लावून लटकला वर, एवढे घट्ट! मागे सरून दोघांनी पाहिलं. काय दिसत होता ट्रक! मिशी फुटलेल्या मुलासारखा, एकदम बाप्या!

आणि मी म्हटलं, "बघू, दोर मोकळा करून बघू." दोर मोकळा सोडायला बाजूला एक खटका असतो. आता खटका कुठाय? आर्मांड डावीकडे गेला, उजवीकडे गेला, खाली पडून पाहिलं... खटका बंपरच्या आतल्या अंगाला! विंच उलटी बसलेली! हात जाईना, बोट जाईना, स्वयंपाकाचा डाव घालून पाहिला, डाव आत पडला, अजून तिथेच आहे! काढा परत सहा बोल्ट! जे लटकून लटकून घट्ट केलेत ना, तेच!

बरं, बोल्ट झाले. राहिल्या वायरी. दोनच की! पण बॅटऱ्या कुठे, तर माझ्या शेजारच्या सीटच्या दाराखाली, आणि विंच नाकावर. मधे इंजिन, एक्झॉस्ट, धारदार पत्रे. अंगठ्याएवढी जाड वायर, वाकत नाही, वळत नाही, अजगराला झोळीत घातल्यासारखी आम्ही दोघं तिच्याशी झटतोय. आर्मांड खालून ओरडतो, "ढकल!" मी वरून ढकलते. "अगं ओढ!" ओढते. "अगं माझा शर्ट ओढतेयस!" ...शेवटी जोडली. बटण दाबलं 'आत', तर दोर बाहेर! 'बाहेर' दाबलं, तर आत! आर्मांडचं म्हणणं काय असावं? "एवढं लक्षात ठेव ना, उलटं आहे म्हणून!" म्हणजे ट्रक चिखलात, रस टाकीत, जीव मुठीत, आणि मी तिथे बसून आठवायचं की आत म्हणजे बाहेर! त्याला म्हटलं, "घरात ये म्हटलं की बाहेर झोपायचं, असंही लक्षात ठेव मग." बदलल्या वायरी निमूट.

आणि मग तो दिवस आला! तुम्हाला सांगते, असा रस मी जन्मात पाहिला नव्हता! रात्री कडकडून गोठलेलं, सकाळी लख्ख ऊन, झाडं नुसती वाहतायत, डोंगरावरची पिंपं तोंडापर्यंत आलेली! पहिली खेप भरली, आर्मांडला शेजारी बसवलं, ओढ्याजवळच्या खोलगटात आले, आणि... तुम्हाला काय सांगू... ट्रक असा हळूच, प्रेमानं, खाली बसला. लोडाला टेकून बसावं तसा! चाकं दिसेनात! वर पिंपं भरून वाहायला लागली, म्हणजे वर्षाची कमाई थेंबाथेंबानं जमिनीत, टाकीतला रस उन्हात तापतोय, आणि मान वळवून बघते तर वर रस्त्यावर कोण? हॉलिस! ट्रॅक्टर चालू! थर्मास हातात! तो आवाज मला इथूनच ऐकू यायला लागला... रुतलं का...

"नाही!" मी ओरडले. त्यानं काही विचारलंच नव्हतं हो! "नाही रुतलेलं! थांबलेय!"

आर्मांडनं दोर नेला, पलीकडच्या दांडग्या झाडाला जाड पट्टा बांधला, त्यात आकडा अडकवला. आता दोर तुटला तर चाबकासारखा येतो, माणूस मरतो, म्हणून त्यावर जड काहीतरी टाकायचं असतं. घर हाकेवरच होतं, आर्मांड पळाला आणि आणलं काय? माझी गोधडी! जत्रेत पहिल्या नंबरची निळी फीत मिळालेली माझी गोधडी! चिखलानं माखलेल्या दोरावर टाकली! पण भांडायला वेळ कुठला, इंजिन चढवलं, बटण दाबलं. घूंऽऽऽ... दोर ताठ झाला, ट्रकनं नाक खाली घातलं, झाडाची पानगळ आधीच झालेली म्हणून बरं, आणि... थांबलं. घूंऽऽ करतेय, करतेय, पण हलत नाही! करपल्याचा वास आला आणि मी बटण सोडलं. गावसभा डोळ्यांसमोर आली. टाळ्या ऐकू आल्या हो मला, खऱ्याखुऱ्या!

आणि हॉलिस खाली उतरायला लागला. एक एक पाऊल. पच... पच... मी डोळे मिटले. म्हटलं विचार बाबा, एकदाचं विचार! तर दाराच्या पत्र्यावर टकटक केलं त्यानं. डोळे उघडले तर त्याच्या हातात एक लोखंडी कप्पी, ही एवढी! म्हणाला, "एकेरी दोरानं भरलेली टाकी निघायची नाही, लोर्ना. ही झाडाला बांध, दोर तिच्यातून फिरवून परत ट्रकला अडकव. सावकाश येईल, पण जोर दुप्पट लागेल."

आर्मांडनं लावली. मी बटण दाबलं. घूंऽऽऽ... काही नाही... घूंऽऽऽ... आणि खालून आवाज आला, पच्च्याऽऽक! जमिनीनं चुंबन सोडल्यासारखा! आणि हलला! अहो हलला! बोटभर, मग वीतभर, मग हातभर, गोगलगाय बरी इतका सावकाश, पण येतोय, येतोय, चाकं दिसायला लागली, मी आत बसून किंचाळतेय, "ये माझ्या राजा! ये माझ्या सोन्या!" आर्मांडला वाटलं त्यालाच बोलावतेय, तो धावत आला, "अरे तू नाही, ट्रक!", पुढची चाकं कडक जमिनीवर, मागची चाकं कडक जमिनीवर, एक थेंब नाही सांडला टाकीतला! आर्मांड ढसाढसा रडतोय, मी हॉर्नवर बसलेय, आणि हॉलिस... हॉलिस नाचतोय! टोपी हवेत, थर्मास चिखलात, आर्मांडला मिठी मारून गरागरा फिरवतोय!

मी खाली उतरले. म्हटलं, "तू का नाचतोयस रे? हरलास ना?"

"हरलो?" डोळे पुसत म्हणतो, "लोर्ना, आमचे बाबा गेल्यापासून या रस्त्यावर जो जो रुतला त्याला मीच काढलाय! मार्चमध्ये गरम जेवण काय असतं ते मला ठाऊक नाही! ताट वाढलं की फोन! आता सुटलो! आता तू आहेस!"

"मग इतकी वर्षं ते लष्कर लष्कर काय लावलं होतंस?"

"सगळ्यांनाच चिडवून पाहिलं गं," म्हणाला. "कुणाला विंच बसवायची बुद्धी होईल म्हणून. बाकीचे नुसते हसायचे. राग फक्त तुला यायचा!"

झालं! दुसऱ्या दिवसापासून जो फोन सुरू झाला! टपालवाली वेंडी रुतली, लोर्नाला बोलवा. शाळेची बस रुतली, लोर्नाला बोलवा. पाद्रीबाबा नाल्यात, लोर्नाला बोलवा, आणि लवकर बोलवा, त्यांना लग्न लावायचंय! मी ट्रकमध्ये, आर्मांड भट्टीवर, पाक करपतोय! काल परत आले तर गुऱ्हाळात भट्टीपाशी, माझ्या खुर्चीत, हॉलिस! बशीत बर्फावर ओतलेला गरम पाक, एका हातात डोनट, दुसऱ्यात लोणच्याची काकडी, गोड मारायला आमच्याकडे लागतेच ती, गालांवर लाली! सुटला की नाही बरोबर! मी बूट काढले, पाय भट्टीपुढे पसरले, म्हटलं आता हलायचं नाही... आणि फोन वाजला. मी उठायच्या आत हॉलिसनं उचलला. "हॅलो... हो... कुठे, पुलाशी?... छे छे, त्रास कसला, रिकामीच बसलीय ती! पाठवतो!"

पाठवतो म्हणे! पाठवतो!

...घातले परत बूट.