केशवरावांच्या आल्बमातली शेवटची गाडी

...आणि वरून मुख्याध्यापक मला म्हणतात, "घाबरता काहून, शकुन मॅडम? गाडीच तर ओळखायची आहे." तुम्हाला सांगते, वाघ ओळखायचा असता ना, तर मी डोळे मिटून ओळखला असता, तो एकाच नमुन्याचा येतो. पण गाडी? आता तुम्हीच सांगा, मला गाडीतलं काय कळतं? लाल डबा आला की चढायचं, नाही आला की उभं राहायचं, एवढंच माझं ज्ञान.

म्हणजे मी बी.ए. झाले, बी.एड. झाले, आणि दोन वर्षं साकोलीच्या शाळेत रजेच्या जागेवर शिकवून राहिले. रजेची जागा म्हणजे काय, तर पार्वताबाई मॅडम बाळंतपणाला गेल्या की मी मॅडम, त्या परत आल्या की मी कोणीच नाही. यंदा मात्र त्यांनी राजीनामाच दिला. जागा मोकळी झाली, पर्मनंट जागा. कोणालाही वाटेल की आता मुलाखत होईल, व्याकरण विचारतील, एखादी कविता समजावून सांगायला लावतील... मी तर निबंधाचे प्रकारसुद्धा पाठ करून ठेवले होते.

पण नाही. आमच्या संस्थेचे अध्यक्ष केशवराव. धानाच्या गिरणीचे मालक. त्यांच्या घरी एक आल्बम आहे, आणि त्यात जुन्या मोटारींचे फोटो. कोणती नागझिऱ्याला शिकारीसाठी आलेल्या सायबाची, कोणती मालगुजाराची, म्हणजे जमीनदाराची, काही मासिकातून कापून डकवलेल्या. खाली नाव लिहिलेलं असतं, त्यावर केशवराव अंगठा ठेवतात आणि विचारतात, "सांगा, कोणती आहे हे?" मास्तर लावायचा असो, शिपाई लावायचा असो, पहिले आल्बम. भूगोलाच्या सरांना भूगोल येत नाही हे मला माहीत आहे, पण त्यांनी ब्युइक ओळखली होती. संपला विषय.

आता मला गाडीतलं काय कळतं? आणि मी मुळातच दचकणारी. शाळेची घंटा मीच वाजवायला सांगते आणि मीच दचकते. हजेरीच्या वेळी मुलं "हजर" म्हणतात तेव्हाही दचकते.

मुख्याध्यापक श्यामराव सर माणूस चांगला. मला बाजूला घेऊन म्हणाले, "मी आठ सालांपासून पाहून राहिलो, एकूण अठ्ठावीस गाड्या आहेत. सत्तावीस पाठ करा. शेवटची सोडा."

"शेवटची काहून सोडायची, सर?"

"ते कोणालेच नाही येत. त्यांच्या वडलांची गाडी आहे. आपण फक्त म्हणायचं, बाप्पा, अशी तर पाहिलीच नाही, विलायतेहून खास मागवली असेल. झाली ऑर्डर."

सरांनी कॅलेंडरची चार-पाच चित्रं दिली, ती घेऊन मी घरी गेले. आमचं गाव तलावाकाठी, बाबा तलावात मासे धरतात. ते जाळं शिवत बसले होते आणि मी समोर ऑस्टिन अन् मॉरिस मांडून रडत बसले होते. दोन दिवे, चार चाकं, सगळ्यांना तेच. कशावरून ओळखायचं?

बाबा चित्राकडे बघून म्हणाले, "भेव कायचा त्याच्यात? मासा कसा ओरखतो आपन? तोंडावरून. हे पहा, मोठ्या डोक्याची, हे कतला झाली. हे लांबुडकी, चपट्या तोंडाची, हे मरळ."

"अन् ही?"

"हिले मिशा आहेत. मागूर."

तुम्हाला खोटं वाटेल, पण रात्रीच्या जेवणापर्यंत मला पाच गाड्या येत होत्या. बाकीच्यांची तोंडं सरांनी कागदावर काढून दिली, त्यांनाही बाबांनी एकेक मासा वाटून दिला. हडसन म्हणजे रोहू. डॉजला काहीच जुळेना, तिला झिंगा देऊन टाकला. पंधरा दिवस मी वर्गात संधी शिकवायची आणि मनात तलाव उपसायची.

रविवारी गेले बाप्पा केशवरावांकडे. पांढरं धोतर, मांडीवर आल्बम, बाजूला श्यामराव सर, टेबलावर माझा ऑर्डरचा कागद टाइप करून तयार, फक्त सही राहिलेली. माझा जीव त्या कागदावर आणि केशवरावांचा अंगठा फोटोवर.

"सांगा मॅडम, कोणती?"

"कतला," मी म्हणाले.

श्यामराव सरांना ठसका लागला. केशवराव माझ्याकडे बघतच राहिले. "काय म्हणाल्या?"

"म्हणजे ऑस्टिन, सर. मोठ्या डोक्याची आहे म्हणून..."

त्यांनी अंगठा उचलला. ऑस्टिनच होती. मग फोटो दूर धरला, मान वाकडी करून पाहिला, आणि म्हणाले, "खरंच बे श्यामराव, कतलाच दिसते." आणि असे खूश झाले की काय सांगू... पुढची मरळ, तिच्या पुढची मागूर, स्वतःच विचारून राहिले, "अन् हे? हे कोणता मासा?" मी सांगत गेले, सरांचा चेहरा खुलत गेला, सत्तावीसच्या सत्तावीस बरोबर. केशवरावांनी पेनाचं टोपण काढलं. मी मनातल्या मनात आईला लुगडंसुद्धा घेऊन टाकलं.

मग त्यांनी टोपण परत लावलं आणि शेवटचं पान उलटलं.

बटर पेपरखाली एक फोटो. पिवळा पडलेला. फेटा बांधलेले त्यांचे वडील मोटारीत ताठ बसलेले, एक हात दारावर. केशवराव हळू आवाजात म्हणाले, "बाबांची गाडी. मी जन्मायच्या आधी विकून टाकली. लय लोकांनी पाहिली, कोणी सांगू नाही शकलं."

मी तोंड पाहिलं. कोणताच मासा नाही. चाकं पाहिली, ती जमिनीला नीट टेकलीच नव्हती. आणि मग डाव्या दिव्याखाली मला तो खिळा दिसला.

तुम्हाला सांगते, त्या खिळ्याला मी ओळखते. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई, म्हणजे जत्राच, भरते ना, तिथे एक फोटोवाला यायचा. त्याच्याकडे त्याच्या बापाच्या वेळची, फळीवर रंगवलेली मोटार असायची. मागे स्टूल ठेवायचा, स्टुलावर आपण बसायचं, फोटोत वाटे मोटारीतच बसलो. मी पाच वर्षांची असताना बाबांनी मला त्यात बसवलं, माझा नवा फ्रॉक त्याच खिळ्यात अडकून टरकन फाटला, मी दचकले, आणि अख्खी मोटार फोटोवाल्याच्या अंगावर पडली. ती पडायच्या आधी त्याने फोटो काढून घेतला होता. घरी भिंतीवर आहे तो अजून. मी, माझं उघडं तोंड, आणि डाव्या दिव्याखाली खिळा.

आता काय करायचं? मला गाडीतलं काय कळतं, हे आयुष्यात पहिल्यांदा मला स्वतःलाच समजावून सांगावं लागून राहिलं होतं, कारण या गाडीतलं मला सगळं कळत होतं. सर डोळ्यांनी खुणावून राहिले, विलायत, विलायत. मी मनाशी ठरवलं. मरू दे खिळा. मी तोंड उघडलं, "वि..."

आणि गिरणीचा बाराचा भोंगा वाजला.

आता घराच्या मागेच गिरणी, मला काय माहीत? मी खुर्चीतून अशी उडाले, आणि घाबरले ना की माझी बी.ए.ची मराठी पहिले गळून पडते. "मंडईतली होये जी," मी ओरडले, "फळीची आहे, मांगं काईच नाई, नुसता स्टूल."

भोंगा वाजतच होता. सर जमिनीकडे पाहून राहिले. भोंगा थांबला. मग आतून हसण्याचा आवाज आला. केशवरावांच्या आई, सीताबाई, पदरात तांदूळ निवडता निवडता दारात येऊन उभ्या.

"सांगतलं बापा कोनीतरी," त्या म्हणाल्या. "तुह्या बापाले सायकल नाई चालवता ये, मोटार कायची? मी बाजूलेच होती. मले म्हने, तू सरक, तुहे पाय खालून दिसतेत. म्हनून तं मी फोटोत नाई."

"माय," केशवरावांचा आवाज एवढासा झाला, "इतके साल तू बोलली काहून नाही?"

"समद्या साकोलीले इचारलं तुनं, ओरखा म्हनून. मले एक डाव तरी इचारलं का?"

केशवरावांनी बटर पेपर परत नीट ठेवला, आल्बम मिटला, मला म्हणाले, "चहा घेऊन जा मॅडम." ऑर्डरचा कागद उचलला आणि खिशात घातला. घरी येऊन सांगितलं तर बाबा म्हणतात, "तरी मी सांगतलं होतं, खिळा पहा म्हनून नाई, तोंड पहा म्हनून."

तीन आठवडे काहीच नाही. मग कळलं की सीताबाईंनी अन्नपाणी सोडायची धमकी दिली होती, "त्या पोरीले लाव, नाहीतर मी गिरणीत जाऊन हमालाइले फळीचं सांगतो." आणि केशवरावांना मी साकोलीत हिंडत, बोलत, दचकत राहिलेली परवडणार नव्हती. म्हणून ऑर्डर आली. पर्मनंट. सहीसकट. शाळा: संस्थेची आंबागड शाखा.

आंबागड कुठे ते माहीत आहे ना? तुमसरच्याही पलीकडे, किल्ल्याखाली. दर रविवारी इकडे साकोलीत केशवरावांच्या आल्बमासमोर श्यामराव सर अजून म्हणतात म्हणे, बाप्पा, विलायतेहून खास मागवली असेल. आणि मी तिकडे आंबागडच्या फाट्यावर पेटी घेऊन उभी. कोणीतरी बैलगाडीवाला येतो, म्हणतो, "बसा मॅडम," मी बसते. कोणत्या कंपनीची ते विचारत नाही. मला गाडीतलं काय कळतं? लाल डबा आला की चढायचं, नाही आला की उभं राहायचं... तर तिथे लाल डबाच येत नाही.