भोंगा वाजला, कोरस हलला नाही

गिरण्यांच्या संपात आमच्या परळच्या मंडळाने फ्रेंच ऑपेरा बसवलेला, नायिका शेवटी मरते असला. दिग्दर्शक शिवाजी पार्कचे, कोरसमध्ये आम्ही संपवाले. पहिल्याच प्रवेशात कारखान्याचा भोंगा होतो आणि कामगार गात आत जातात. तालमीत साहेब नुसती टाळी वाजवायचे. प्रयोगाला खरा भोंगा वाजला आणि कोणी हलेना.

विंगेतून साहेब म्हणाले, "अरे, जा ना आत. फ्रान्सचा कारखाना आहे तो."

आमचा बाबल म्हणाला, "आसांदे. समोर अख्खी चाळ बसलीय. भोंग्यावर आत गेलो तर उद्या तोंड कुठे दाखवू?"

नायिका मेली तरी आम्ही गेटबाहेरच. पेपरात आलं, दिग्दर्शकाची धाडसी कल्पना.

पुढे गिरण्या गेल्या, बाबलही गेला. ती कल्पना कशी सुचली, यावर साहेब अजून व्याख्यानं देतात.