नीळ की पिवडी

पेशवाईतल्या पुण्यात, बुधवार पेठेतल्या रंगांच्या दुकानात तुळजाबाई गेरू घ्यायला थांबल्या होत्या. पुढे एक जोडपं उभं होतं. सोनबा तोफखान्यातला गोलंदाज. मोहिमेवर दारूचा भडका उडून त्याचे डोळे भाजले होते. कालच वैद्यांनी पट्टी सोडली होती, पण अजून अंधूकच दिसत होतं. बायको भागीरथी त्याचा हात धरून घराला रंग घ्यायला आली होती.

"शेटजी, नीळ द्या. चुन्यात कालवली की भिंती कशा गार दिसत्यात."

"पिवडी घेऊ, भागे."

"पिवळ्या भिंती उन्हावानी पेटतील. वैद्यबुवा म्हणाले, डोळ्यांना थंडावा पायजे."

"थंडावा तुझ्या दुधात भिजवलेल्या घड्यांनी मिळतोय की."

"दोन म्हैने देवापाशी बसले, तवा कुठं डोळे वाचले. आता उगा जाळायचे?"

"शेटजी, रंग फासलेल्या फळ्या हायेत ना? द्या इकडं. भागे, निळ्या फळीपुढं हात धर."

"धरला."

"न्हाई दिसत. आता पिवळीपुढं धर."

"हा घ्या."

"ह्यो दिसला! बांगड्या हिरव्या हायेत."

"तुमी परत आला, त्या दिवशी भरल्या."

"घरात तू फिरशील, तशी मला दिसत राहशील. देवानं एवढं ठेवलंय, ते निळीत कशाला बुडवू?"

भागीरथीनं पदरानं तोंड पुसलं.

दुकानदार मागे उभ्या तुळजाबाईंकडे वळला. "बाई, तुमचा गेरू किती देऊ?"

"आधी त्यांना पिवडी द्या," तुळजाबाई म्हणाल्या. "चारी भिंतींना पुरेल इतकी."