टेबलावरचं टेबलावर

नाही, मी येत नाहीये — तिला जाऊन सांग, ताईला काम आहे. आणि हे काही खोटं नाही, हे बघ, पडद्यावर काय दिसतंय? शाफ्ट, माझ्या प्रोजेक्टचा फिरता दांडा. हा खरं तर लोखंडाचा असायला हवा होता, माझ्या हातात असायला हवा होता, आणि मी बसलेय माऊसने फिरवत — इकडून कसा दिसतो, तिकडून कसा दिसतो — नुसताच दिसतो, दुसरं काय करणार बिचारा! बस ना, उभी का? ती खुर्ची नको, तिचा पाय मोडलाय, ही घे. आणि तो आजच्या कार्यक्रमाचा बिल्ला तिकडे ठेव, माझ्यासमोर नको. तुला तिनेच पाठवलं ना? वाटलंच. स्वतः नाही आली. बरोबर आहे, वकिलीणबाई आता हॉलमध्ये खुर्च्यांच्या रांगा बघत असतील — मी ओळखते तिला, रांगेतली एक खुर्ची वाकडी असली तरी तिच्या घशाखाली घास उतरत नाही.

वकीलीण का म्हणतात माहितेय का तुला? मीच पाडलं ते नाव. पहिल्या वर्षी कुणालाही ओरडा बसू दे, ही आपली उभी — ‘सर, पण तिचं म्हणणं असं आहे की…’ — अगं, तिचं म्हणणं तिला तरी मांडू दे! पण नाही. आणि मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू. आमच्या मेकॅनिकलच्या वर्गात आम्ही दोघीच मुली, बाकी सगळी मुलांची फौज. मग काय, एका बाकावर, एका डब्यात, एकीला ताप आला तर दुसरीचं तोंड कडू. सगळे जोडगोळी म्हणायचे. माझी आई तर फोनवर आधी तिचीच चौकशी करायची, मग माझी. असो. असो, तुला काय करायचंय ते!

तुझं पहिलं वर्ष ना? वर्कशॉपला जाऊन आलीस? मग हातात काय दिलं तुझ्या? पेन. हो ना? हसू नकोस, मला माहितेय. चौघांचा गट करायचा, तिघे मुलगे मशीनला आणि मुलगी स्टुलावर, रीडिंगं लिहायला. का? तर म्हणे मुलींचं अक्षर सुवाच्य असतं! माझं अक्षर बघ कधीतरी — कोंबडी शाईतून चालत गेली की असंच उमटतं. तरी वर्षानुवर्षं रीडिंगं मीच लिहिली. वर्कशॉपचे मास्तर ओरडत नाहीत हं, तसले नाहीत ते, उलट गोड बोलतात — ‘तू बाजूला हो बाळ, केस अडकतील.’ केस कापले मी. कानापर्यंत कापले, आई महिनाभर बोलली नाही माझ्याशी. तर म्हणे, ‘तू बाजूला हो बाळ, ओढणी अडकेल.’ मी ओढणी घेतच नाही! आता या माणसाशी भांडायचं तरी कसं, सांग — तो तर काळजी करतोय!

म्हणून तर तो मुलींचा कार्यक्रम काढला, तुझा प्रवेश व्हायच्या आधी. माझ्या डोक्यातून निघाला तो, हे तुम्हा नव्या मुलींना कुणी सांगणार नाही म्हणून सांगते. सगळ्या शाखांच्या, सगळ्या वर्षांच्या मुली, एक दुपार, ड्रॉइंग हॉल. हेड सर म्हणाले, चांगलं आहे, पाहुणे कोण बोलवायचे? मी म्हटलं, कुणी नाही. भाषण? नाही. फोटो? अजिबात नाही. त्यांना कळेचना, मग कार्यक्रम कशाचा! मी भंगारातून बंद पडलेले टेबलफॅन गोळा केले, जेवढी टेबलं तेवढे पंखे. एका टेबलाला एकच पंखा आणि प्रत्येक वर्षाची एकेक मुलगी, शाखा मिसळून. खोला आणि जोडा, बस्स. आणि दारात ठेवली बादली — आत येताना पेन बादलीत टाकायचं. आज इथे कुणीही काहीही लिहिणार नाही! अगं, काय हसल्या मुली त्या बादलीला. एकीने तर दप्तरच उलटं केलं तिच्यात.

आणि दुसरा नियम — टेबलावरचं टेबलावर, इथे बोललेलं बाहेर न्यायचं नाही. हात कामात असले ना, की तोंड आपोआप सुटतं, हे मला माहीत होतं. समोरासमोर बसवून ‘बोला, मन मोकळं करा’ म्हटलं असतं तर सगळ्या नखं बघत बसल्या असत्या. पण स्क्रू निघत नाहीये, ग्रीस नाकाला लागलंय, कॉम्प्युटरची एक मुलगी पाना उलटा धरून जोर लावतेय — मग काय, सुरूच झाल्या. कुणाच्या घरी लग्नाची घाई, कुणाला गणित जमत नाही म्हणून रोज रात्री रडू, सिव्हिलच्या एकीला साइटवर बाईसाठी संडासच नाही म्हणून ती दिवसभर पाणीच पीत नाही. सगळं निघालं. आणि पंखे जोडून झाल्यावर प्रत्येक टेबलावर काही ना काही उरलेलं — कुठे वॉशर, कुठे स्प्रिंग — आणि तरी आमच्या शेजारच्या टेबलाचा पंखा फिरला! असा ओरडा झाला म्हणून सांगते, वॉचमन धावत आला. मला वाटलं, झालं. आता एकही मुलगी इथे एकटी नाही. खरंच वाटलं गं मला.

आमच्या टेबलावर, म्हणजे जोडगोळी ना, वाटणी मोडून एकत्रच — वकीलीण होती, मी होते, आणखी दोघी होत्या — तर एक मुलगी बोलायला लागली. म्हणाली, मला लेथची, त्या लोखंड कातायच्या मशीनची भीती वाटते. सगळ्यांना वाटतं मी हुशार आहे, वर्कशॉपमध्ये मला चांगले मार्क आहेत, पण मी लेथ एकटीने कधी चालवलेलंच नाही. दरवेळी मास्तर येतात, हँडल हातात घेतात आणि मी बघत उभी. आता इतकी वर्षं बघून बघून असं झालंय की तुकडा धरणारा तो चक फिरायला लागला की मी आपोआप दोन पावलं मागे सरकते. विचारायचं तरी कुणाला? पहिल्या वर्षाच्या पोरीने विचारलं तर चालतं, या वयात विचारलं तर सगळे हसतील. एवढं बोलली आणि तिचे हात थरथरायला लागले, तिने ते पटकन टेबलाखाली घेतले, तशी वकिलीणीने टेबलाखालून माझा हात — तिचा हात घट्ट धरला आणि…

काय बघतेस? हो. मीच. मीच ती, आता तोंडातून गेलंच आहे तर राहू दे. केस कापलेली, मुलांशी भांडणारी, कार्यक्रम काढणारी ताई, आणि लेथला घाबरते. हास हवं तर. नाही? बरं.

तिने हात धरला ना, तेव्हा कानात म्हणाली, ‘सोमवारी आपण दोघी लवकर जाऊ, मास्तर यायच्या आत, मी उभी राहते तुझ्याजवळ.’ मी त्या रात्री काय गाढ झोपले! आणि सोमवारी मी वर्कशॉपच्या दारात, आणि ही कुठे? हेड सरांच्या खोलीत. मला वाटलं, काही काम असेल. दुपारी मला बोलावणं आलं. हेड सर एकदम गोड — ‘बस. पाणी घे. तुझे हात थरथरतात असं कळलं.’ हात थरथरतात! अगं, ते टेबलाच्या खाली होतं! ते फक्त तिच्या हाताला माहीत होतं! समोर मास्तर उभे, मान खाली घालून, म्हणे, ‘मी तर नेहमी सांभाळूनच घेत आलो हिला.’ आणि ते खरंच होतं, तेच तर होतं! सर म्हणाले, ताण घेऊ नकोस, प्रोजेक्टचा शाफ्ट मास्तर करून देतील, तू कॉम्प्युटरवर ड्रॉइंग कर. झालं. बसलेय इथे. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ना, ते हे.

गेले मी तिच्याकडे. म्हटलं, का? तर डोळ्यांत पाणी हिच्याच! ‘कुणीतरी बोलायला हवं होतं. आणि मी तुझं नाव नव्हतं घेतलं.’ नाव नव्हतं घेतलं! शेवटच्या वर्षाची मेकॅनिकलची एक मुलगी, असं म्हणाली तिथे. वर्गात मुली दोन. एक तू खुर्चीत बसून सांगतेयस — मग दुसरी कोण, बाई? तेवढंही गणित येत नाही तुला? मला एकदा विचारायचं. एकदाच! मी कदाचित हो म्हटलं असतं. मीच गेले असते, तिच्यासोबत, माझ्या तोंडाने. पण हिला माझं म्हणणं मांडायची सवय ना. माझ्या बाजूने उभी राहून माझाच गळा कापला, आणि तोही केसाने. वैर केलं असतं ना, तर मला एवढं लागलं नसतं.

आणि आता हे आजचं उद्घाटन. मुलींची वेगळी बॅच! छोटी मशीन, लाकडाचे तुकडे, वेगळी वेळ, दारावर फुलं, माइक, पाहुणे — आणि प्रतिनिधी म्हणून वकीलीण. त्याच हॉलमध्ये. खाली खिडकीतून दिसतं सगळं, निळा शर्ट घातलाय तिने, बाह्या दुमडल्यात, म्हणजे घाबरलीय. घाबरली की बाह्या दुमडते. भाषणात अडखळेल बघ, तिला पहिलं वाक्य कुणीतरी म्हणून दाखवावं लागतं — ते मीच दाखवायचे. आज कोण… जाऊ दे. मला काय त्याचं? मुली म्हणतात, ताई, चांगलं झालं की, आता आपल्याला कुणी बाजूला हो म्हणणार नाही. अगं पोरींनो, सगळ्यांनाच बाजूला केलंय, एकदम, हार घालून! मी मशीनजवळ जायला मिळावं म्हणून तोंड उघडलं आणि माझ्याच भीतीची भिंत बांधली त्यांनी, तुमच्या सगळ्यांच्या वाटेत. तू लोखंड कापायला आली होतीस ना इथे? आता लाकूड काप.

अगं, तुला काय झालं? मी तुझ्यावर नाही चिडले. मघापासून नुसती ऐकतेयस, मी आपली बडबडत सुटले — पाणी हवंय? मग डोळे का असे… काय? मास्तरांनी? तुला? काल ग्राइंडरवर — आणि तू कुणाला… थांब. नाही, थांब, पुढे बोलू नकोस. माझ्याकडे बघ. मला सांगू नकोस. हो, मीच मुलींना बोलतं केलं होतं, माहितेय मला, मीच केलं होतं, पण आता नको. मी कुणाला सांगणार नाही, हे मी आता कुठल्या तोंडाने म्हणू? तीही सांगणार नव्हती. माझ्यावर जीव होता तिचा, तरी सांगितलं. आणि तुझ्यावर माझा जीव जडला आणि मीच उद्या तुझ्यासाठी कुणाच्या दारात उभी राहिले तर? डोळे पूस. तोंड धुऊन जा, हॉलमध्ये कुणाला दिसायला नको. आणि कुणाजवळ बोलू नकोस, मैत्रिणीजवळ तर नाहीच. मी काही ऐकलेलं नाही. जा म्हटलं ना — जा.